यकृताच्या धमनीतील अ‍ॅन्युरिझम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘हेपॅटिक आर्टरी अ‍ॅन्युरिझम’ असे वाचून गोंधळलेल्या रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना आधी हवे असते ते ‘किती सेंटीमीटरला धोका?’ याचे उत्तर. ते प्रश्न ७ मध्ये आहे, पण त्याआधी प्रश्न ४ वाचाच. तिथले उत्तर ‘स्यूडो’, म्हणजे खोटा, असे निघाले, तर सेंटीमीटरचा हिशेब लागूच होत नाही. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, अचानक उठलेली तीव्र पोटदुखी किंवा चक्कर येऊन पडणे, यांपैकी काही आत्ता होत असेल तर वाचत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा.

१. हेपॅटिक आर्टरी अ‍ॅन्युरिझम म्हणजे नेमके काय?

लिव्हरला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा एखादा भाग फुगणे. महाधमनीतून पोटात सीलियाक ट्रंक नावाची आखूड, जाड फांदी निघते आणि तिच्यातून कॉमन हेपॅटिक आर्टरी. ही वाटेत जठर, लहान आतड्याची सुरुवात आणि स्वादुपिंड यांच्यासाठी गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरी देते. तिथून पुढच्या भागाला प्रॉपर हेपॅटिक आर्टरी म्हणतात, आणि ती लिव्हरजवळ उजव्या-डाव्या शाखांत विभागते. कॉमन हेपॅटिकची रुंदी साधारण ५ मिलिमीटरच्या आसपास असते. नेहमीच्या रुंदीच्या दीडपट किंवा जास्त फुगवटा दिसला की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. ही नावे थोडी लक्षात ठेवा, कारण फुगवटा गॅस्ट्रोड्युओडेनलच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर पुढचे बरेच उपचार ठरतात.

२. हा आजार कितपत दुर्मीळ आहे? कोणाला होतो?

दुर्मीळच आहे. पोटातील अवयवांना रक्त देणाऱ्या धमन्यांच्या अ‍ॅन्युरिझममध्ये प्लीहेच्या धमनीचा पहिला क्रमांक लागतो आणि हेपॅटिकचा दुसरा, म्हणजे अशा पाचांत साधारण एक. प्लीहेचा प्रकार स्त्रियांत जास्त आढळतो, हेपॅटिकचा पुरुषांत, आणि तोही बहुधा पन्नाशी-साठीनंतर. लिव्हरवरील शस्त्रक्रिया किंवा अपघातानंतर होणारा प्रकार मात्र कोणत्याही वयात दिसतो. बहुतेक फुगवटे लिव्हरच्या बाहेरच्या भागात असतात, थोडे लिव्हरच्या आत.

३. मला तो का झाला?

अनेकदा एकच बोट ठेवता येईल असे कारण सापडत नाही. वयानुसार धमनीच्या मधल्या थराची झीज आणि अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस (धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचणे) हे नेहमी दिसतात, पण अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस मूळ कारण आहे की फुगलेल्या भिंतीवर नंतर साचलेला थर, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया (धमनीच्या भिंतीतील पेशींची असामान्य वाढ), धमन्यांचा दाह आणि व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉससारखे संयोजी ऊतींचे आनुवंशिक आजार ही कमी आढळणारी, पण शोधलीच पाहिजेत अशी कारणे. हृदयाच्या झडपेवरील जंतुसंसर्गाचे कण रक्तातून येऊन धमनीच्या भिंतीत रुतले, तरी तिथे अ‍ॅन्युरिझम तयार होतो.

अलीकडे वाढलेले कारण वेगळेच आहे: आपल्याच उपचारांमुळे झालेली इजा. लिव्हर बायोप्सी, पित्तनलिकेत बाहेरून घातलेली नळी, पित्ताशयाची शस्त्रक्रिया, लिव्हर प्रत्यारोपण. म्हणून डॉक्टरांना मागच्या सगळ्या प्रक्रिया तारखेसह सांगा, अगदी ‘साधी सुई टोचली होती’ अशी असली तरी.

४. खरा अ‍ॅन्युरिझम आणि स्यूडोअ‍ॅन्युरिझम यांत फरक काय?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा फरक हाच. खऱ्या अ‍ॅन्युरिझममध्ये धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर ताणलेले असतात. भिंत पातळ झालेली असते, तरी सलग असते. स्यूडोअ‍ॅन्युरिझममध्ये भिंतीला भोक पडलेले असते. बाहेर आलेले रक्त आजूबाजूच्या ऊतींनी आणि गुठळीने कसेबसे अडवलेले असते, आणि धमनीतले रक्त त्या पोकळीत आत-बाहेर करत राहते.

व्यवहारात याचा अर्थ असा की खरा अ‍ॅन्युरिझम लहान असेल तर त्यावर नजर ठेवता येते. स्यूडोअ‍ॅन्युरिझम ८ मिलिमीटरचा असला तरी त्यावर लवकरात लवकर उपचार करायचे असतात. रिपोर्टमध्ये नुसते ‘अ‍ॅन्युरिझम’ लिहिले असेल आणि तुमची अलीकडे शस्त्रक्रिया, बायोप्सी, अपघात किंवा स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, तर ‘हा खरा की स्यूडो?’ हे स्पष्ट विचारून घ्या.

५. मला काहीच त्रास नाही. मग रिपोर्ट चुकला असेल का?

तसे समजू नका. आज सापडणारे बरेचसे हेपॅटिक अ‍ॅन्युरिझम दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने दिसतात. कधी साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमची गोल कड दिसते आणि तिथून शोध सुरू होतो.

उलट बाजूची चूकही होते. सोनोग्राफीत लिव्हर किंवा स्वादुपिंडाजवळची गोल, द्रव भरलेली गाठ ‘सिस्ट’ म्हणून नोंदली जाते आणि ती प्रत्यक्षात अ‍ॅन्युरिझम असते. अशा गाठीत सुई घालण्यापूर्वी डॉप्लरने आत रक्त वाहते का हे पाहायलाच हवे. मिनिटभराच्या तपासणीने एक जीवघेणा प्रसंग टळू शकतो.

६. लक्षणे दिसली तर कोणती?

पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे हे सर्वांत नेहमीचे. ते पित्ताशयाच्या दुखण्यासारखेच वाटते. मोठा फुगवटा पित्तनलिकेवर दाबला तर कावीळ होते.

अ‍ॅन्युरिझम पित्तनलिकेत फुटला तर रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरते. याला हिमोबिलिया म्हणतात. जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८७१ मध्ये त्याची तीन लक्षणे एकत्र नोंदवली: उजव्या बाजूची कळ, कावीळ आणि पचनमार्गातून रक्तस्राव. आजही हे त्रिकूट त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण तिन्ही लक्षणे एकदम दिसणारे रुग्ण फार तर तिघांत एक, त्यामुळे एखादे नाही म्हणून शंका सोडून देणे बरोबर नाही. रक्त गोठून नलिका अडते तेव्हा कळ आणि कावीळ वाढते. गुठळी सरकली की दुखणे थांबते आणि शौच काळी होते. हा खेळ थांबून थांबून चालतो, आणि मधल्या बऱ्या दिवसांत रुग्णाला घरी पाठवले जाण्याची शक्यता असते.

पोटाच्या पोकळीत फुटला तर चित्र सरळ आणि भीषण असते: अचानक तीव्र वेदना, घाम, रक्तदाब कोसळणे. फुटल्यानंतरच्या मृत्यूचे प्रमाण वैद्यकीय साहित्यात २० ते ४० टक्क्यांच्या आसपास नोंदलेले आहे. म्हणूनच फुटण्याआधी निर्णय घेण्याला इतके महत्त्व.

७. किती सेंटीमीटरला ऑपरेशन लागते?

अमेरिकेतील सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आज बरेच डॉक्टर आधाराला घेतात. त्यांचा सारांश असा:

स्यूडोअ‍ॅन्युरिझम असेल तर आकार कितीही असो, उपचार. लक्षणे असतील तरी आकार कितीही असो, उपचार. धमन्यांचा दाह किंवा भिंतीचा आजार असेल, किंवा रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडले असतील, तर तेच. लक्षणे नसलेला खरा अ‍ॅन्युरिझम आणि बाकी प्रकृती बरी असेल, तर २ सेंटीमीटरपेक्षा मोठा झाल्यावर किंवा वर्षाला अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढत असल्यास. हृदय, फुप्फुस वगैरेंचे गंभीर आजार असतील आणि उपचाराचाच धोका मोठा असेल, तर मर्यादा ५ सेंटीमीटरपर्यंत ताणली जाते.

शेवटच्या वाक्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. ५ सेंटीमीटरपर्यंत सुरक्षित असते, असा त्याचा अर्थ नाही. तिथे दोन धोक्यांची तुलना चाललेली असते. एकापेक्षा जास्त अ‍ॅन्युरिझम असतील किंवा कारण अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस नसेल, तर फुटण्याची शक्यता जास्त असते, हेही लक्षात ठेवा.

८. माझा १.६ सेंटीमीटरचा आहे, डॉक्टर म्हणतात ‘पाहू’. पाहू म्हणजे काय?

आधी प्रश्न ७ मधला कोणताही अपवाद तुम्हाला लागू नाही ना, याची खात्री करून घ्या. मग दरवर्षी सीटी स्कॅन. शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच पद्धतीने, जुन्या चित्रांशी तुलना करून. दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या कोनांतून मोजलेले आकडे २-३ मिलिमीटरने सहज बदलतात आणि घरात उगाच घबराट होते. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, स्कॅनच्या चित्रांची सीडी जपून ठेवा.

रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू, सिगारेट बंद करणे हे तुमच्या हातातले. चालणे, रोजची कामे चालू ठेवा. श्वास रोखून फार जड वजने उचलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

९. गोळ्यांनी फुगवटा कमी होतो का?

खरा अ‍ॅन्युरिझम आक्रसून टाकणारे औषध नाही, कोणत्याही पॅथीत. एक महत्त्वाचा अपवाद प्रश्न १७ मध्ये आहे.

१०. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. बंद करू का?

स्वतःहून नाही. गोळी अ‍ॅन्युरिझम निर्माण करत नाही, पण फुटला तर रक्तस्राव थांबवणे अवघड करते. स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या माणसाने ती अचानक सोडली तर धोका दुसऱ्या बाजूने येतो. हृदयाचे डॉक्टर आणि अ‍ॅन्युरिझम पाहणारे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा. स्यूडोअ‍ॅन्युरिझम असेल तर हे बोलणे त्याच दिवशी व्हायला हवे.

११. सोनोग्राफी झाली आहे, मग सीटी अँजिओग्राफी कशाला?

डॉप्लर सोनोग्राफी शंका दाखवते, पण आतड्यातल्या वायूमुळे धमनीचा बराच भाग झाकलेला राहतो. सीटी अँजिओत, म्हणजे शिरेत कॉन्ट्रास्ट नावाचे द्रव्य सोडून केलेल्या सीटीत, फुगवट्याचा आकार, मान (तो धमनीला जोडलेला असतो ती जागा), आतली गुठळी, आजूबाजूच्या शाखा आणि पोटातले इतर अ‍ॅन्युरिझम एकाच वेळी दिसतात. शिवाय प्रत्येकाची धमनीरचना पुस्तकातल्यासारखी नसते. बऱ्याच जणांत उजवी हेपॅटिक धमनी आतड्याच्या मुख्य धमनीतून किंवा डावी जठराच्या धमनीतून निघते. हे आधी माहीत नसेल तर उपचाराचा आराखडा चुकतो.

किडनी कमजोर असेल, कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी असेल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आधी सांगा.

१२. धमनी बंद केली तर लिव्हर मरणार नाही का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा आणि रास्त प्रश्न. लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळते. साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या शिरेतून, येते आणि एक चतुर्थांश धमनीतून. धमनीचे रक्त ऑक्सिजनने समृद्ध असल्यामुळे ऑक्सिजनचा जवळपास निम्मा वाटा तिचा. त्यामुळे धमनीचा काही भाग बंद झाला तरी निरोगी लिव्हर बहुधा तग धरते. जर्मन सर्जन हान्स केर यांनी १९०३ मध्ये हेपॅटिक अ‍ॅन्युरिझमची धमनी बांधून रुग्ण वाचवला, तो याच दुहेरी पुरवठ्याच्या बळावर.

आता जागेचा प्रश्न. कॉमन हेपॅटिक बंद केली तर आतड्याच्या मुख्य धमनीतून येणारे रक्त गॅस्ट्रोड्युओडेनलमधून उलट दिशेने वाहून लिव्हरपर्यंत पोहोचू शकते. प्रॉपर हेपॅटिक, म्हणजे त्या फाट्याच्या पलीकडचा भाग, बंद केला तर ही वाटही तुटते. म्हणून लिव्हरच्या बाहेरच्या अ‍ॅन्युरिझममध्ये रक्तप्रवाह चालू ठेवून उपचार करण्याकडे कल असतो, तर लिव्हरच्या आतल्या छोट्या शाखेतला अ‍ॅन्युरिझम सरळ बंद करता येतो.

दोन गोष्टी मात्र हा हिशेब बिघडवतात. पोर्टल व्हेनमध्ये गुठळी असेल, तर लिव्हर बहुतांशी धमनीवरच जगत असते. सिरॉसिसमध्येही (लिव्हर व्रणांनी कडक होण्याच्या आजारात) धमनीवरची भिस्त वाढलेली असते. दुसरे म्हणजे पित्तनलिका: त्यांना रक्त मुख्यतः धमनीतूनच मिळते. लिव्हरच्या पेशी वाचल्या तरी नलिका आकसून काही महिन्यांनी त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून ‘पोर्टल व्हेन उघडी आहे ना?’ हा प्रश्न प्रक्रियेआधी जरूर विचारा.

१३. कॉइल बसवणार की कव्हर्ड स्टेंट? कोणते चांगले?

दोन्ही जांघेतून किंवा हातातून नळी घालून करतात आणि आज पहिली पसंती अशाच उपचारांना आहे. कॉइल म्हणजे धातूच्या बारीक तारेचे वेटोळे. त्याने फुगवटा किंवा धमनीचा तो भाग बंद होतो. धमनी बंद करायची असेल तर फुगवट्याच्या पुढची आणि मागची, अशा दोन्ही बाजू बंद कराव्या लागतात. एकच बाजू बंद केली तर लिव्हरमधल्या आडवाटांनी रक्त मागून येऊन फुगवटा पुन्हा भरतो. कव्हर्ड स्टेंट म्हणजे आतून घातलेली अस्तराची नळी. रक्त तिच्यातून वाहत राहते आणि फुगवटा प्रवाहाच्या बाहेर राहतो.

स्टेंट ऐकायला जास्त चांगला वाटतो, पण धमनी फार वळणदार किंवा बारीक असेल तर तो तिथवर पोहोचत नाही. नंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि तो कालांतराने बंदही पडू शकतो. जंतुसंसर्ग असलेल्या जागी परकी वस्तू ठेवणे हेही अडचणीचे. काही वेळा कॉइलऐवजी वैद्यकीय गोंद वापरतात. निवड चित्रे पाहूनच होते. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (नळीवाटे असे उपचार करणारे डॉक्टर) आणि व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन) दोघांनीही चित्रे पाहिली आहेत ना, हे विचारणे मला ब्रँडची चौकशी करण्यापेक्षा उपयोगाचे वाटते.

१४. मग पोट उघडून शस्त्रक्रिया कधी?

नळी पोहोचत नसेल, फुगवटा मोठा असून प्रॉपर हेपॅटिकचा प्रवाह राखायलाच हवा असेल, किंवा आजूबाजूच्या अवयवांवरचा दाब काढायचा असेल तेव्हा. फुगवटा काढून पायातली शीर किंवा कृत्रिम नळी जोडतात. लिव्हरच्या आतला अ‍ॅन्युरिझम फार मोठा असेल तर क्वचित लिव्हरचा तो भागच काढावा लागतो.

१५. कॉइलिंगनंतर ताप आणि दुखणे सुरू झाले. हे नॉर्मल आहे का?

पहिले काही दिवस हलका ताप, उजवीकडे दुखणे, मळमळ आणि लिव्हरच्या एन्झाइम्समध्ये वाढ हे अपेक्षित आहे. थंडी वाजून येणारा ताप, वाढत जाणारी वेदना, कावीळ किंवा काही दिवस बरे वाटून पुन्हा आलेला ताप हे तसे नाही. त्यात लिव्हरमध्ये पू होण्याची शक्यता तपासावी लागते.

१६. पित्ताशय काढून तीन आठवडे झाले, रक्ताची उलटी झाली, एंडोस्कोपी नॉर्मल आली. पुढे काय?

तातडीने सीटी अँजिओग्राफी, आणि हा आग्रह धरायला संकोच करू नका. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना क्लिप, उष्णता किंवा नंतर गळलेले पित्त यामुळे उजव्या हेपॅटिक धमनीला इजा होऊन स्यूडोअ‍ॅन्युरिझम तयार होऊ शकतो. तो काही दिवसांनी, आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही रक्त सोडतो. एंडोस्कोपी करताना रक्तस्राव थांबलेला असेल तर जठर आणि आतडे स्वच्छ दिसते. पहिला छोटा रक्तस्राव पुढच्या मोठ्याची सूचना असू शकतो. लिव्हर प्रत्यारोपणानंतरही हेच तत्त्व लागू: तिथे स्यूडोअ‍ॅन्युरिझम बहुधा जोडाच्या जागी, पहिल्या काही महिन्यांत आणि अनेकदा जंतुसंसर्गातून होतो.

१७. रिपोर्टमध्ये लिव्हर, किडनी आणि आतड्यात अनेक बारीक अ‍ॅन्युरिझम लिहिले आहेत. सगळ्यांत कॉइल घालणार का?

बहुधा नाही. असे चित्र पॉलिआर्टेरायटिस नोडोसा या धमन्यांच्या दाहात दिसते, आणि त्याचा काही रुग्णांत हिपॅटायटिस बीशी संबंध असतो. इथे मुख्य उपचार औषधांचा: स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, हिपॅटायटिस बी असेल तर विषाणूविरोधी औषधेही. दाह आटोक्यात आल्यावर हे बारीक फुगवटे नाहीसे झाल्याची उदाहरणे आहेत. प्रश्न ९ मधला अपवाद तो हाच. रक्तस्राव करणारा एखादा फुगवटा मात्र बंद करावाच लागतो.

१८. शरीरात आणखी कुठे असू शकतो का? मुलांची तपासणी करावी का?

पोटातल्या इतर धमन्या तर पाहायलाच हव्यात. कारण अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस नसेल तर डोके आणि छातीचीही एकदा तपासणी सुचवली जाते. मुलांची तपासणी सरसकट लागत नाही. आनुवंशिक आजार सिद्ध झाला किंवा घरात कमी वयात धमनी फुटून मृत्यू झाले असतील, तर जनुकीय सल्ला घ्या.

१९. गरोदर राहायचे आहे. आधी उपचार घ्यावा का?

पोटातल्या अ‍ॅन्युरिझमची गरोदरपणातली भीती मुख्यतः प्लीहेच्या धमनीवरून आली आहे. हेपॅटिकची नोंद त्या मानाने फार थोडी. तरीही आकार लहान असला तरी निर्णय गर्भधारणेआधी घ्यावा, कारण नंतर स्कॅन आणि उपचार दोन्ही अवघड होतात.

२०. कॉइल असताना एमआरआय चालतो का?

आजच्या प्लॅटिनम कॉइल्स असताना सामान्यतः चालतो. इम्प्लांट कार्ड दाखवा. उलट सीटीमध्ये कॉइलच्या चकाकीमुळे आजूबाजूचे धूसर दिसते, म्हणून काहींचा फॉलो-अप एमआर अँजिओने करतात.

२१. ‘हेपॅटिक धमनी रुंद आणि वेडीवाकडी’ असे लिहिले आहे. हाही अ‍ॅन्युरिझमच ना?

प्रत्येक वेळी नाही. पूर्ण धमनीच रुंद असेल तर लिव्हरमध्ये जास्त रक्त ओढले जात आहे का, हे पाहावे लागते. वारंवार नाकातून रक्त, ओठांवर लाल ठिपके आणि घरात इतरांनाही तसेच असेल, तर हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेसिया हा आजार असू शकतो. त्यात लिव्हरमधल्या धमन्या आणि शिरा थेट जोडलेल्या असतात. इथे धमनी बंद करण्याचा उपचार धोक्याचा ठरतो. लिव्हर आणि पित्तनलिकांचे मोठे नुकसान होऊ शकते.

२२. अ‍ॅन्युरिझम गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीत आहे आणि सीलियाक ट्रंक अरुंद आहे असे लिहिले आहे. याला हेच नियम लागतात का?

नाही. सीलियाक ट्रंकच्या तोंडाशी अडथळा असेल, मग तो छाती-पोटामधल्या पडद्याच्या तंतूंच्या दाबामुळे असो वा चरबीच्या थरामुळे, तर लिव्हरचे रक्त आतड्याच्या धमनीतून स्वादुपिंडाभोवतालच्या बारीक वाटांनी उलटे येते. त्या वाढलेल्या प्रवाहाच्या ताणाने त्याच वाटांवर अ‍ॅन्युरिझम तयार होतात. ते लहान असतानाही फुटतात, म्हणून आकाराची वाट न पाहता उपचार सुचवतात. पण फुगलेली ती वाटच लिव्हरची मुख्य पुरवठावाहिनी असू शकते. ती बंद करण्यापूर्वी लिव्हरला रक्त दुसरीकडून मिळते का, हे अँजिओग्राफीत पाहतात, आणि मिळत नसेल तर सीलियाकचा अडथळा आधी किंवा त्याच वेळी दूर करतात.